इस्त्रीच्या टेबलापलीकडची मेरी

'व्हेअर ईगल्स डेअर' हा १९६८ चा युद्धपट तुमच्यापैकी सगळ्याजणींनी पाहिला नसेल, पण घरातल्या पुरुषमंडळींना विचारून बघा. केबलवर लागला की वडील, दीर, नवरे कुणी टीव्हीसमोरून हलत नसत. बर्फात बुडालेला डोंगर, त्याच्या टोकावर जर्मनांचा किल्ला, वर जायला एक केबल कार आणि आत शिरणारे रिचर्ड बर्टन नि क्लिंट ईस्टवुड. या धांगडधिंग्यात एक सोनेरी केसांची, नाजूक चेहऱ्याची बाई आहे. मोलकरीण म्हणून ती किल्ल्यात शिरते आणि वेळ येते तेव्हा हातात मशीनगनही घेते. नामावलीत तिचं नाव बर्टन आणि ईस्टवुडच्या लगेच नंतर येतं. मेरी यूर.

मैत्रिणींनो, हे नाव आता आपल्याकडे कुणाला आठवत नाही. तिकडेही ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी नावाच्या आधाराने येतं. नाटककार जॉन ऑस्बर्नची दुसरी बायको. 'जॉज'मध्ये शार्कच्या मागे लागलेला खवचट कोळी झालेल्या रॉबर्ट शॉची दुसरी बायको. म्हणजे दोन्हीकडे दुसरी, आणि दोन्हीकडे बायको! खरं तर वयाच्या तिशीच्या आतच ती शेक्सपियरच्या गावी डेस्डिमोना झाली होती, ब्रॉडवेवर टोनी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत गेली होती आणि ऑस्करच्याही. तिची गोष्ट सांगायची तर या दोघांना वगळता येत नाही, पण आज आपण तिच्या बाजूने बघू.

मेरीचा जन्म १८ फेब्रुवारी १९३३ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला. ग्लासगो म्हणजे जहाजबांधणीचं, कारखान्यांचं गाव. पण मेरीचं घर केल्व्हिनसाइड या खात्यापित्या, प्रतिष्ठित वस्तीत होतं. वडील इंजिनियर. मुलीला त्यांनी शिकायला इंग्लंडात, यॉर्कच्या माउंट स्कूलमध्ये पाठवलं. ही शाळा क्वेकर पंथाची. हे लोक साधेपणाने राहणारे, आणि त्यांच्या प्रार्थनासभेत बराच वेळ नुसतं शांत बसायचं असतं. मेरीने पुढे रंगमंचावर गप्प राहण्याची जी ताकद दाखवली, तिचं मूळ मला कधीकधी त्या शाळेत दिसतं. हा माझा आपला अंदाज हं. जुडी डेंच, जी पुढे बॉण्डपटांतली करारी 'एम' झाली, तीही याच शाळेची.

१९५१ मध्ये यॉर्कमध्ये एक मोठा घाट घातला गेला. मध्ययुगात तिथे बायबलच्या कथांवर गावकऱ्यांची नाटकं होत, आपल्याकडे दशावतार होतात तशी समजा. जवळजवळ चारशे वर्षं बंद पडलेली ती नाटकं पुन्हा उभी राहिली, तीही एका पडक्या मठाच्या भिंतींसमोर, उघड्यावर. त्यात येशूची आई मेरी झाली आपली मेरी. वय अठरा. त्यानंतर लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये तिने अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलं.

तिचा पुढचा प्रवास इतका भराभर झाला की वाचताना आपल्यालाच धाप लागते. १९५४ च्या शेवटी तिने पॉल स्कोफील्डसारख्या बड्या नटासमोर 'टाइम रिमेंबर्ड' केलं. १९५५ मध्ये पीटर ब्रूकच्या 'हॅम्लेट'मध्ये ती ऑफेलिया झाली. हा पीटर ब्रूक म्हणजे तोच, ज्याने पुढे आपल्या महाभारताचं नऊ तासांचं नाटक केलं. हे 'हॅम्लेट' घेऊन मंडळी मॉस्कोला गेली. तेव्हा शीतयुद्धाचे दिवस होते, रशियात इंग्रज नाटक जाणं ही मोठीच बातमी होती. त्याच वर्षी तिचा पहिला सिनेमाही आला. बाविसाव्या वर्षी हे सगळं पदरात!

आणि मग १९५६ साल आलं.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात तेव्हा नवी मंडळी शिरली होती. नव्या लेखकांची नाटकं करायची, असा त्यांचा निश्चय. त्यांनी जाहिरात देऊन नाटकं मागवली तेव्हा ढिगाने संहिता आल्या. त्यातली एक होती जॉन ऑस्बर्न नावाच्या पंचविशीच्या, कामाच्या शोधात असलेल्या नटाची. वडील क्षयाने लवकर गेलेले, आई दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकांना पेले भरून देणारी. हा स्वतः थेम्स नदीवर एका बोटीत राहायचा. त्याच्या नाटकाचं नाव 'लुक बॅक इन अँगर'.

तोपर्यंत इंग्रजी रंगभूमीवर पडदा वर गेला की बहुधा दिवाणखाना दिसायचा. काचेची दारं, चहाचा ट्रे आणि शुद्ध बोलणारी माणसं. ८ मे १९५६ ला पडदा वर गेला तेव्हा लोकांना पोटमाळ्यावरची एक खोली दिसली. रविवारची संध्याकाळ, दोन पुरुष खुर्च्यांत पसरून वर्तमानपत्रं वाचताहेत आणि एक तरुण बाई उभ्याने इस्त्री करतेय. (आपण पलंगावर चादर पसरून इस्त्री करतो, तिकडे त्यासाठी उंच, घडीचं टेबल असतं.) ही बाई म्हणजे ॲलिसन. मोठ्या घरची लेक, आईबापांच्या मनाविरुद्ध जिमी पोर्टर नावाच्या शिकलेल्या पण बाजारात मिठाईची गाडी चालवणाऱ्या तरुणाशी लग्न केलेली. तिचे वडील कर्नल. ते वर्षानुवर्षं हिंदुस्थानात एका महाराजांच्या फौजेवर अधिकारी होते आणि १९४७ मध्ये आपलं स्वातंत्र्य आलं तसे परत गेले. परतल्यावर त्यांना स्वतःचाच देश परका वाटतो. आपल्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू अशी एका इंग्रजी नाटकात भेटते, हे मला नेहमीच गंमतीचं वाटलं आहे.

जिमी बोलतो. अखंड बोलतो. सरकारवर, धर्मावर, श्रीमंतांवर, सासूवर, बायकोच्या भावावर, बायकोच्या झोपेवर, तिच्या खोल्या आवरण्याच्या आवाजावर. त्याला बायकोकडून उत्तर हवं असतं आणि ती देत नाही. ती इस्त्री फिरवत राहते. तिच्या पोटात मूल आहे, ते तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही. पहिल्याच अंकात पुरुषांच्या झटापटीत टेबलाला धक्का लागतो आणि तिचा हात भाजतो.

ही ॲलिसन म्हणजे मेरी यूर.

मला हे नाटक टी. वाय. बी. ए.ला होतं. जिमीचा राग कसा एका पिढीचा राग आहे, यावर आम्ही पानंच्या पानं उत्तरं लिहिली. 'अँग्री यंग मॅन' हा शब्द ऑस्बर्नपासूनच रूढ झाला. पुढे 'जंजीर'नंतर तो आपल्याकडे अमिताभला चिकटला. पण ॲलिसनवर आम्हाला टीपेपुरताच प्रश्न असायचा. वर्गात निम्म्याहून जास्त मुली होत्या, तरी कुणी विचारलं नाही की हा माणूस तीन अंक बोलत असताना समोर उभी असलेली बाई नेमकं करते काय. लग्न होऊन, चार घरं आतून बघून, महिला केंद्रात बसून बायकांच्या कहाण्या ऐकून झाल्यावर ते नाटक मी परत वाचलं, तेव्हा मला जिमीपेक्षा तिच्याच जागा जास्त दिसल्या. बोलणाऱ्याचं काम सोपं असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या वाट्याला वाक्यंच कमी आहेत, त्याने प्रेक्षकांचं लक्ष धरून ठेवायचं म्हणजे फार अवघड काम. हातातली इस्त्री कुठल्या शब्दाला थांबली, कुठे कपड्याची घडी जरा जास्तच काळजीने घातली गेली, मान कुठे वळली, यावर सगळं उभं असतं. मेरी नसती तर जिमीचं बोलणं भिंतीवर आपटून पडलं असतं.

सुरुवातीला बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. केनेथ टायनन नावाच्या समीक्षकाने मात्र नाटक डोक्यावर घेतलं. ऑक्टोबरात बीबीसीने टेलिव्हिजनवर त्याचा एक तुकडा दाखवला आणि मग तिकिटांना तरुण पोरांची झुंबड उडाली. आजही इंग्रजी रंगभूमीचा इतिहास सांगणारे '१९५६ च्या आधी' आणि 'नंतर' असे दोन भाग पाडतात. मेरी त्या फाटकात उभी होती.

त्याच महिन्यात ती आर्थर मिलरच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'मध्ये कॅथरिन झाली. दिग्दर्शक पुन्हा पीटर ब्रूक, नाट्यगृह लंडनचं कॉमेडी थिएटर. पहिल्या प्रयोगाला मिलरसोबत त्याची नवी बायको मेरिलिन मन्रो आलेली, त्यामुळे छायाचित्रकारांची कोण गर्दी! या कॉमेडी थिएटरचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

ॲलिसनचं पात्र ऑस्बर्नने आपल्या पहिल्या लग्नावरून लिहिलं, असं मानलं जातं. पहिली बायकोही नटीच होती. ते लग्न मोडलं आणि १९५७ मध्ये ऑस्बर्नने मेरीशी लग्न केलं. बघा कसं आहे, एका बायकोवरून नाटक लिहायचं, आणि त्या बायकोचं काम रंगमंचावर करणारीला दुसरी बायको करायचं. प्रेक्षकांना ही जोडी फार आवडली. लेखक आणि त्याची नायिका, दोघंही देखणे, दोघंही तरुण. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेलं आणि मेरीला उत्कृष्ट अभिनेत्रीसाठी टोनीचं नामांकन मिळालं. १९५९ मध्ये त्यावर सिनेमा आला. जिमी रिचर्ड बर्टन, ॲलिसन मेरीच. सिनेमात मूळ नाटकात नसलेली एक गोष्ट घातली आहे. बाजारात कपूर नावाचा एक भारतीय विक्रेता गाडी लावायला येतो आणि गोरे लोक त्याला तिथे टिकू देत नाहीत. परदेशात गेलेल्या आपल्या माणसांचं जिणं इतक्या लवकर इंग्रजी पडद्यावर आलं होतं, हेही त्या सिनेमाचं मोल.

१९५९ हे मेरीचं सर्वात मोठं वर्ष. शेक्सपियरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, तिथल्या नाट्यगृहाचा शंभरावा हंगाम होता. तीन नाटकांत तिची कामं. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये ती परीराणी, लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 'कोरिओलेनस'मध्ये त्याची बायको, आणि 'ऑथेल्लो'मध्ये डेस्डिमोना. 'ऑथेल्लो' म्हणजे आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ज्याचं 'झुंझारराव' केलं ते नाटक. संशयाने वेडा झालेला सेनापती आणि त्याच्या हातून मरणारी निष्पाप बायको. ऑथेल्लो झाला होता पॉल रोब्सन. हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक-नट. कामगारांच्या, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी बोलतो म्हणून अमेरिकेच्या सरकारने त्याचा पासपोर्ट आठ वर्षं अडकवून ठेवला होता. तो मिळाल्यावर साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस इंग्लंडला आला आणि सव्वीस वर्षांच्या मेरीसमोर उभा राहिला. काळा नट आणि गोरी नटी पतिपत्नी म्हणून एकमेकांना जवळ घेतात, हे दृश्य त्या काळात अमेरिकेच्या कित्येक राज्यांत चाललं नसतं. तिथे असं लग्नच बेकायदा होतं.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवरचा 'सन्स अँड लव्हर्स' आला. क्लारा डॉस ही कारखान्यात काम करणारी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, बायकांच्या हक्कांची बाजू घेणारी स्त्री. ती स्वतःपेक्षा लहान, आईच्या मायेत अडकलेल्या मुलाच्या प्रेमात पडते आणि शेवटी तिला कळतं की हा मुलगा कधीच पुरता आपला होणार नाही. मेरीने ही क्लारा केली आणि तिला ऑस्करचं सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. पुरस्कार शर्ली जोन्सला गेला. मेरी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची. वाटलं असेल, आज नाही तर उद्या. ऑस्करची तिची ती पहिली आणि शेवटची वेळ ठरली.

घरात मात्र तोवर सगळं उसवलं होतं. ऑस्बर्नची बाहेरची प्रकरणं लपून राहिलेली नव्हती. १९६१ मध्ये मेरीने पुन्हा रॉयल कोर्टात एक जुनं, रक्तरंजित नाटक केलं, 'द चेंजलिंग'. त्यात ती बड्या घरची मुलगी, आणि तिच्यासाठी खून करून मग तिच्यावर हक्क सांगणारा नोकर म्हणजे रॉबर्ट शॉ. शॉ नट होता तसा कादंबरीकारही होता. विवाहित, मुलाबाळांचा. दोघांचं जुळलं. त्या वर्षी मेरीला मुलगा झाला तेव्हा कागदोपत्री ती ऑस्बर्नची बायको होती, पण मूल शॉचं होतं. १९६३ मध्ये घटस्फोट झाला आणि तिने शॉशी लग्न केलं. ऑस्बर्ननेही त्याच वर्षी तिसरं लग्न केलं.

इथे एखादी वाचक म्हणेल, तीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. नव्हतीच. शॉची पहिली बायको आणि तिची लेकरं होती, त्यांचंही दुःख होतं. मेरीला देवी करून मखरात बसवायचं नाहीये मला. पण एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ही सगळी माणसं सारखीच वागली. त्यातल्या पुरुषांच्या कामाला या भानगडींनी तसूभरही धक्का लागला नाही. ऑस्बर्न नाटकं लिहीत राहिला, 'टॉम जोन्स'च्या पटकथेसाठी ऑस्कर घेऊन गेला. शॉ 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये बॉण्डशी आगगाडीत झुंजला, 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मध्ये राजा हेन्री झाला, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्याने कादंबऱ्या लिहिल्या, नाटक लिहिलं. आणि मेरी? शॉपासून तिला चार मुलं झाली.

लग्नानंतरच्या तिच्या सिनेमांची यादी बघितली की चित्र स्पष्ट होतं. १९६३ चा 'द माइंड बेंडर्स', त्यात ती शास्त्रज्ञाची बायको. मेंदूवरच्या प्रयोगात नवऱ्याचं मन तिच्याविरुद्ध फिरवलं जातं आणि तो गरोदर बायकोला छळू लागतो. १९६४ चा 'द लक ऑफ जिंजर कॉफी', नायक शॉ, ही त्याची बायको. १९६७ चा 'कस्टर ऑफ द वेस्ट', नायक शॉ, ही त्याची बायको. मग तो 'व्हेअर ईगल्स डेअर', त्यात निदान ती कुणाची बायको नाही, हेर आहे. त्यानंतर पुन्हा मोठा खंड, आणि शेवटचा सिनेमा पुन्हा शॉबरोबर. बारा वर्षांत मोजून पाच चित्रपट. ज्या नटीने तीन वर्षांत ब्रूक, मिलर, ऑस्बर्न, शेक्सपियर केला, तिचे हे आकडे.

यातला 'जिंजर कॉफी' मात्र मिळाला तर अवश्य बघा. आयर्लंडहून कॅनडात माँट्रियलला आलेलं एक गरीब जोडपं. नवरा नुसता बोलबच्चन, मोठ्या बाता मारणारा. परतीच्या तिकिटाचे जपून ठेवलेले पैसेही त्याने बायकोला न सांगता खर्च केलेले. बायको कंटाळते, घर सोडते, स्वतः नोकरी धरते. रडारड नाही, आदळआपट नाही. नवरा चांगला आहे पण त्याच्यावर संसार टाकता येत नाही, हे कळून चुकलेल्या बाईचा चेहरा कसा असतो, तो मेरीने दाखवला आहे. तो चेहरा मी आमच्या गावात रेशनच्या रांगेत, बचत गटाच्या बैठकीत कितीदा पाहिलाय.

घरात दारू होती. शॉ पिण्यात प्रसिद्धच होता. मेरीही पिऊ लागली होती आणि हळूहळू ते हाताबाहेर गेलं. नट प्यायला तर त्याचे किस्से होतात, मित्र ते मैफिलीत रंगवून सांगतात. नटी प्यायली तर तिला काम मिळेनासं होतं. आमच्या केंद्रात नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायला बायका येतात, चार बायकांसमोर बोलतातही. पण स्वतःच्या व्यसनाबद्दल, मग ते मिशरीचं असो, झोपेच्या गोळ्यांचं असो की दारूचं, बाई बोलते ती दार लावून घेतल्यावर, आणि तेही क्वचित. मेरीच्या काळात, त्या झगमगाटातही यापेक्षा फार वेगळं नसावं.

तरी १९७१ मध्ये तिला एक मोठी संधी मिळाली. हॅरोल्ड पिंटरचं 'ओल्ड टाइम्स' ब्रॉडवेवर आलं. पात्रं तीनच. नवरा, बायको आणि बायकोची वीस वर्षांपूर्वीची मैत्रीण. नवरा झाला शॉ, मैत्रीण रोझमेरी हॅरिस आणि बायको केट म्हणजे मेरी. जवळजवळ सगळ्या नाटकभर नवरा आणि मैत्रीण केटबद्दल बोलत राहतात. ती अशी होती, ती तशी होती, तिला काय आवडायचं, ती कुणाची जास्त होती. केट तिथेच बसलेली असते, ऐकत. आपण नसल्यासारखं हे बोलताहेत, एवढं ती मध्ये एकदा बोलून दाखवते. आणि शेवटी ती तोंड उघडते तेव्हा थोडक्या, थंड बोलण्यात दोघांनाही पार पुसून टाकते. नवरा हुंदके देतो. हे काम करायला मेरीइतकी योग्य नटी पिंटरला शोधून सापडली नसती, असं मला वाटतं. ॲलिसनने पंधरा वर्षं गिळलेलं सगळं केटच्या तोंडून बाहेर आलं म्हणा ना.

पण ते टिकलं नाही. १९७४ मध्ये ती पुन्हा न्यूयॉर्कला 'लव्ह फॉर लव्ह' हे जुनं विनोदी नाटक करायला गेली. पूर्वप्रयोग सुरू झाले होते आणि नाटक रीतसर सुरू होण्याआधीच तिला काढून टाकण्यात आलं. तिच्या जागी ऐन वेळी उभी राहिली एक सत्तावीस वर्षांची बदली नटी, जी त्याआधी कधी ब्रॉडवेवर उभी राहिली नव्हती. तिचं नाव ग्लेन क्लोज. हो, 'फेटल ॲट्रॅक्शन'मधलीच. एका बाईचं दार बंद होताना दुसरीचं असं उघडलं, यात ग्लेनचा काही दोष नाही. पण एकेचाळीस वर्षांच्या मेरीने त्या संध्याकाळी खोलीवर परत जाऊन काय केलं असेल, ते मनात येतंच.

काही महिन्यांतच लंडनमध्ये तिला नवं नाटक मिळालं. 'द एक्झॉर्सिझम'. हे मुळात बीबीसी टेलिव्हिजनसाठी लिहिलेलं, १९७२ मध्ये दाखवलेलं भुताचं नाटक, आता ते रंगमंचावर येत होतं. दोन सुखवस्तू जोडपी ख्रिसमसला खेड्यातल्या एका जुन्या, नव्याने सजवलेल्या घरात मेजवानीला जमतात. पण त्या घरात पूर्वी एक गरीब बाई आपल्या मुलांसह उपाशी मेलेली असते. ती त्या मेजवानीतल्या एकीच्या अंगात येते आणि आपली भूक सांगते. बरोबर होती बॉण्डपटातली ऑनर ब्लॅकमन. आणि नाट्यगृह कुठलं? तेच कॉमेडी थिएटर, जिथे एकोणीस वर्षांपूर्वी मेरिलिन मन्रोसमोर मेरीने कॅथरिन केली होती.

२ एप्रिल १९७५ च्या रात्री पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी, ३ एप्रिलला, मेरी घरात मृतावस्थेत सापडली. रॉबर्ट शॉलाच ती दिसली. दारू आणि झोपेची औषधं एकत्र पोटात गेली होती. चौकशीत हा अपघाती मृत्यू ठरला. तिचं वय बेचाळीस होतं, मुलं अजून लहान होती.

लोकांनी लगेच भुताच्या नाटकाचा शाप वगैरे बोलायला सुरुवात केली. मला त्याचा राग येतो. दारूवर झोपेच्या गोळ्या घेतल्या की श्वास मंदावत जातो आणि झोपेतच माणूस जातो, हे त्यातलं खरं कारण. ते लोकांनी बोलायला हवं होतं.

त्याच जूनमध्ये 'जॉज' प्रदर्शित झाला आणि शॉ जगभर पोचला. तो तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९७८ मध्ये, आयर्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला हृदयविकाराने गेला. वय एक्कावन्न. ऑस्बर्न जगला १९९४ पर्यंत. त्याने आत्मचरित्राचे दोन भाग लिहिले. १९९१ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मेरी येते, आणि ज्या बाईने त्याचं पहिलं मोठं यश दोन देशांत आणि पडद्यावर उचलून धरलं, तिच्याबद्दल त्याचा हात अगदी कोता झाला आहे. तिला मरून तेव्हा सोळा वर्षं झाली होती, उत्तर कोण देणार? तिने स्वतः काही लिहून ठेवलं नाही.

राहिले ते सिनेमे. 'लुक बॅक इन अँगर' कृष्णधवल आहे. आज मुलांना सांगितलं तर ती मोबाइलवर शोधून देतील. रिचर्ड बर्टन फार मोठा नट आणि आवाज असा की घर दणाणून जावं. पण एकदा बघून झाल्यावर दुसऱ्यांदा लावा, तो बोलत असताना त्याच्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा.